बोंबलांचा कोपरा

पनवेल,
रविवार, ९ मार्च २०१४

तीर्थरूप बाबांना निशाचा नमस्कार.

तुम्ही बरे असाल, बोट बरी असेल, कुंदनदादाची पाठ आता दुखत नसेल असं धरून चालते. इकडे आम्ही मजेत आहोत. प्रणितची न्हावा शेव्याच्या यार्डात पुन्हा शिफ्ट बदलली, त्यामुळे तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. सासूबाई ठणठणीत आहेत आणि मला दिवसभर काही ना काही खायला घालत असतात. मी क्लासची सकाळची बॅच सोडली, कंटाळा आला होता. आता फक्त दुपारी गणित शिकवायला जाते, संध्याकाळी परत येते.

नीतावहिनी, नेहमीसारखं सावकाश वाच गं. आणि बाबा "मना नको सांगू तिचं" म्हणून अंगणात निघून गेले, तर तू पण अंगणात जा आणि तिथे वाच. त्यांना सगळं ऐकायचं असतं.

बाबा, फोनवर माझं नाव दिसलं की तुम्ही तो दुसऱ्याच्या हातात देता, म्हणून मी लग्न झाल्यापासून कागद काळे करते आहे. नऊ वर्षं झाली. तुम्ही पनवेलचं हे घर अजून पाहिलेलं नाही आणि माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. त्याची सवय झाली असं लिहिणार होते, पण नाही झाली. ते राहू दे. आज मला भांडायचं नाही. आज मी इतकी खूश आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि घरातले दोघं ऐकून ऐकून कंटाळले आहेत!

बाबा, मी आमचा कॉम्प्युटर थंड केला!

थांबा, नीट सांगते. दिवाळीनंतर आमच्या गल्लीतून दोन मोटरसायकली चोरीला गेल्या. मग प्रणितने घराला तीन कॅमेरे लावले, दोन पुढे आणि एक मागच्या अंगणात. त्यांची चित्रं साठवून ठेवायला त्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला. त्यात कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर टाकलं आणि पहिल्या दिवसापासून त्या मशीनला घाम फुटला. आतला पंखा असा घुर्रर्र करत सुटायचा की सासूबाई म्हणाल्या, "आगो, याला ताप आलाय. डाक्टरला दाखवा." चित्रं अडकायची. माणूस गेटपाशी दिसायचा आणि पुढच्या क्षणी एकदम ओट्यावर उभा, मधलं चालणंच गायब. कधी कधी तर सगळंच बंद पडायचं आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचं. चोराने यायचं ठरवलं असतं तर त्याला काही अडचण नव्हती.

कॉम्प्युटरमध्ये टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी उघडते. तिथे प्रोसेसर किती राबतो आहे त्याचा आकडा दिसतो. प्रोसेसर म्हणजे तुमच्या बोटीचं इंजिन समजा. आमचं इंजिन कायम शंभर टक्क्यांवर! बोट धक्क्याला बांधलेली आणि इंजिन फुल रेसवर. तुमच्या बोटीवर कुणी असं केलं असतं, तर तुम्ही त्याला पाण्यात ढकलला असता.

प्रणित म्हणाला, नवीन मशीन घेऊ. मी म्हटलं, हात लावायचा नाही. गणिताची बाई आहे मी, एका आकड्यापुढे हार मानू? सकाळी मोकळीच असते, बसले त्याच्यासमोर. इंटरनेटवर शोधलं तर काय, जगभरातले लोक याच दुखण्याने कण्हत होते! कुणाच्या घरी एक कॅमेरा, कुणाच्या घरी दहा, पण सगळ्यांचा पंखा ओरडतोय. त्यांची भांडणं वाचत वाचत मी एकेक करून बघायला लागले.

पहिली गोष्ट, आमचे कॅमेरे सेकंदाला पंचवीस चित्रं पाठवत होते. गेटातून आत येणारा माणूस ओळखायला पंचवीस कशाला हवीत? मी आठ केली. आकडा हलला! दुसरी गोष्ट, तिन्ही कॅमेऱ्यांची थेट चित्रं दिवसभर पडद्यावर चालू असायची, आणि चित्र नुसतं दाखवायलासुद्धा मशीनला राबावं लागतं. ती खिडकी बंद ठेवायची ठरवली तर घरात रुसवा. कारण सासूबाई तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या. समोरच्या सुनंदाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, सगळा हिशोब त्यांच्याकडे. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसरी गोष्ट, कॉम्प्युटरमधला व्हायरस पकडणारा रखवालदार साठवलेली प्रत्येक फाइल उघडून झडती घेत होता. त्याला सांगितलं, बाबा रे, हा फोल्डर घरचा आहे, याला सोड.

आकडा साठावर आला. पण टिकेना. मधेच पुन्हा उसळी मारून नव्वद! मी डोकं धरून बसले. मग लक्षात आलं, उसळी नेहमी मागच्या कॅमेऱ्यामुळे. आमचं सॉफ्टवेअर काही हललं तरच चित्र साठवतं, आणि साठवताना त्याला सगळ्यात जास्त राबावं लागतं. पुढे सगळं शांत, पण मागे सारखं काहीतरी हलतंय. काय हलतंय म्हणून बघायला गेले तर, बाबा, बोंबील!

पावसाळ्याची बेगमी म्हणून मी मागच्या अंगणात बोंबील वाळत घालते ना. वारा आला की दोरीवर बोंबील हलतात आणि मशीनला वाटतं चोर शिरला! लगेच धावाधाव, लगेच साठवणूक. आमच्या डिस्कवर हलत्या बोंबलांचे तासन्‌तास पडून आहेत. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

यावर उपाय आहे. चित्राचा एखादा भाग रंगवून टाकता येतो, म्हणजे तिथे काही हललं तरी मशीन लक्ष देत नाही. खरं तर हे सासूबाईंनीच आधी सुचवलं. म्हणाल्या, "त्या बाजूला कशाला बघतंय मेलं? तिकडं नको बघू दे त्याला." त्यांना यातलं काही कळत नाही, पण बरोबर बोलल्या. मी दोरीचा सगळा कोपरा, कढीपत्त्याच्या झाडापासून मागच्या भिंतीपर्यंत, रंगवून टाकला. आता तिथे हत्ती नाचला तरी आमचा कॅमेरा काही साठवणार नाही. आणि आकडा आला चाळीसवर! मी अशी ओरडले की प्रणित झोपेतून उठून काठी घेऊन धावत आला.

आता एक गंमत सांगते. चोराच्या भीतीने कॅमेरे लावले, तर दोरीवरचं काहीतरी कमी व्हायला हवं. आमच्याकडे वाढतंय! मी घाईत कपड्यांचे चिमटे लावून बोंबील टांगते (रागावू नका, क्लासला उशीर होतो). आणि अधूनमधून दोरीवर भलत्याच जोड्या सापडतात. मोठे, ताजे बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, एका मापाने टांगलेले. माझे चिमटे मात्र गायब. प्रणित म्हणतो, तूच लावून विसरतेस. सासूबाई म्हणतात, "मोजत काय बसलीस? देवाचं देनं हाय, खा गुमान."

कोण असेल बाबा? मला तर काही कळत नाही.

वेळ मिळाला तर या. उरणहून एसटीने थेट पनवेल, स्टँडवरून आमच्या घरी चालतसुद्धा येता येतं. नीतावहिनी, पत्र संपलं. आता त्यांच्याकडे बघ आणि मला फोन कर.

तुमची,
निशा

*

पनवेल,
रविवार, २५ मे २०१४

तीर्थरूप बाबांना निशाचा नमस्कार.

पावसाळ्याची बंदी जवळ आली. बोट वर काढायची गडबड असेल. दादाला म्हणावं, वाकून ओझं उचलू नकोस. इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय. सासूबाई त्यांच्या माहेरी ओव्याला जाऊन आल्या आणि येताना टोपलीभर आंबे आणले. प्रणित बरा आहे. मीही बरी आहे, चांगली आहे, खूपच चांगली आहे.

बाबा, चोर सापडला!

नीतावहिनी, इथे जरा थांब. बाबांचं तोंड बघून ठेव. मला नंतर सविस्तर सांगायचं आहे.

कॉम्प्युटरचं आधी सांगते, कारण चोर त्याच्यामुळेच हाती लागला. चाळीसवर आणून मी खूश होते खरी, पण मनात सलत होतं की मशीन एवढं करतं तरी काय? मग एक दिवस वाचता वाचता उलगडलं. कॅमेरा चित्र पाठवतो तेच मुळात दाबून, लहान करून. म्हणजे मासळी बोटीवरच बर्फ घालून पेटीत भरून आली. आणि आमचं मशीन काय करत होतं? प्रत्येक पेटी उघडायची, मासळी बाहेर काढायची, पुन्हा नव्याने बर्फ घालून दुसऱ्या पेटीत भरायची आणि मग ठेवायची. दिवसभर हाच धंदा! सॉफ्टवेअरमध्ये एक बारीकशी जागा होती. तिथे सांगितलं, आली तशी पेटी ठेवून दे, उघडू नकोस. आणि काही हललं का ते बघायला कॅमेऱ्याकडून शेजारी एक लहान, हलकं चित्र घ्यायचं. मोठं नुसतं साठवायचं, लहान नुसतं बघायचं.

बाबा, आकडा पंधरावर आला! शंभरावरून पंधरा! पंख्याचा आवाज थांबला तेव्हा सासूबाई घाबरून म्हणाल्या, "मेला का तो?"

मशीन इतकं मोकळं झालं म्हटल्यावर मला हाव सुटली. म्हटलं, आता हललं की नाही हे बघून साठवायची गरजच काय? सगळं साठवू दे, सकाळपासून रात्रीपर्यंत, तिन्ही कॅमेऱ्यांचं. पूर्वी हे केलं असतं तर मशीनने जीव दिला असता. आता त्याला पत्तासुद्धा लागला नाही.

आणि इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, जी मागच्या पत्रात मी लिहिली नव्हती. कोपरा रंगवला म्हणजे तिथलं चित्र काळं होत नाही. तिथे काही हललं तर दखल घेऊ नको, एवढंच मशीनला कळतं. सगळंच साठवायला सांगितलं की तो कोपराही साठतो. कढीपत्त्यापासून भिंतीपर्यंत, सगळा, लख्ख.

गुरुवारी संध्याकाळी क्लासवरून आले तर दोरीवर नव्या जोड्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही, तशीच कॉम्प्युटरसमोर बसले आणि दुपारचं चित्र मागे नेलं.

भिंतीच्या पडलेल्या भागावरून एक म्हातारा आत येतो. काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. आत आल्यावर सरळ दोरीकडे जायचं सोडून भिंतीला पाठ लावतो आणि आडवा आडवा सरकतो. खेकडासुद्धा इतका तिरपा चालत नाही, बाबा! कढीपत्त्यापाशी पोचला की थांबतो, कॅमेऱ्याकडे एक तिरकी नजर टाकतो आणि एक पाऊल पुढे आलेलं मागे घेतो. मी रंगवलेल्या भागाबाहेर त्याचा अंगठासुद्धा येत नाही.

त्या कोपऱ्याची हद्द कुठून कुठपर्यंत, हे या घराबाहेर मी एकाच ठिकाणी लिहून पाठवलं होतं. करंजाला, आपल्या घरी.

मग तो म्हातारा दोरीवरचा एक चिमटा काढतो. हातात धरून उलटसुलट बघतो. मान हलवतो. चित्राला आवाज नाही, पण तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं. मग एकेक करून सगळे चिमटे काढलेत आणि माझे बोंबील नीट जबड्यात जबडा अडकवून पुन्हा टांगलेत. आणि चिमटे खिशात घातलेत! घरातले चिमटे कुठे जातात म्हणून मी बिचाऱ्या प्रणितवर ओरडत होते. परत पाठवा, दोन डझन तरी झाले असतील.

खरं सांगते, मला संशय पहिल्यापासून होता. असे बोंबील टांगणारं माणूस पनवेलमध्ये कुठलं यायला? पण संशय मनात ठेवणं बरं होतं. बघायला गेले आणि कुणी दुसरंच निघालं तर, ही भीती वाटायची. म्हणून तर मागच्या पत्रात "मला काही कळत नाही" असं भोळेपणाने लिहिलं. आणि क्लासची वेळ लिहिली. आणि एसटीचं लिहिलं. मच्छीमाराची मुलगी आहे, जाळं कुठे टाकायचं एवढं कळतं मला.

तुमच्या चेहऱ्यावर चित्र थांबवलं मी. किती पिकलात बाबा. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात, हे वहिनीने मला कधी सांगितलं नव्हतं. मी पडद्यावर हात ठेवून बसले, रडले, मग तुमचा तो आडवा चालण्याचा भाग पुन्हा लावला आणि हसले. चप्पल पायातच होती.

मग सासूबाईंना हाक मारली. म्हटलं, "आई, हा माणूस ओळखता?"

त्यांनी वाकून पाहिलं. "कोन गो? मना चष्म्याशिवाय दिसत नाय."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे."

"मंग काच खराब झाली असंल."

तेवढ्यात पडद्यावर मागचं दार उघडलं आणि त्या स्वतःच बाहेर आल्या, हातात पाण्याचा पेला घेऊन! माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग खो खो हसत सुटल्या. "आता काय लपवू! गनपतीपासून येतो तुजा बाप. दर गुरुवारी. गुरुवारी लोक मासली खात नाय, धंदा कमी, म्हनून येतो. मना बोलला, निशीला सांगितलंस तर बोंबील बंद. मी काय करू गो? बोंबील लय चांगले असतात!"

कोपरा रंगवायची कल्पना त्यांना का सुचली, तेही कळलं. गेले आठ-नऊ महिने माझी सासू आणि माझा बाप मिळून मला फसवत होते, आणि मला मुळीच राग आला नाही. त्या कौतुकाने बोलत होत्या. "बसत नाय, आत येत नाय. मी बोलते, अरे आनंदा, पोरीचं घर हाय, ये ना. तर बोलतो, बोट लागलीय, जातो. पानी तेवढं देते मी. उन्हातानाचा येतो."

मग त्या चहा टाकायला आत गेल्या, आणि मी चित्र पुढे चालू केलं. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. त्यांना मी सांगणारही नाही.

त्यांनी तुमच्या हातात पेला दिला. तुम्ही मान झुकवून घेतलात. त्या काहीतरी आणायला आत वळल्या. तुम्ही पेल्याकडे बघत उभे राहिलात, बराच वेळ. मे महिन्याची दुपार, सदरा पाठीला चिकटलेला. मग तुम्ही वाकलात आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी हळूच ओतलंत. त्या परत आल्या तर तुम्ही पंच्याने तोंड पुसलंत, प्यायल्यासारखं.

हे मी एकदाच पाहिलं. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

माझ्या लग्नाच्या दिवशी तुम्ही कुंदनदादाला म्हणालात, "तिच्या घरचं पानी मी पिनार नाय." कोर्टात सह्या करून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा दादाने ते मला सांगितलं. कोळ्यांची पोर असून आगरी घरात गेले, तुम्हाला न विचारता गेले, म्हणून तुम्ही रागावलात आणि हा तुमचा शेवटचा शब्द, असं मी धरून चालले. पेला उलटा झालेला बघितला तेव्हा आधी तेच आठवलं. राग एवढा टिकला, मग बोंबील कशाला आणता, असं ओरडावंसं वाटलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उठले आणि गोदूआत्या आठवली. आजोबा तिच्या घरी जायचे तेव्हा पितळेचा तांब्या भरून बरोबर न्यायचे, वर फडकं बांधून. मी पाच-सहा वर्षांची असेन. तुम्हाला विचारलं होतं, आत्याकडे पाणी नाही का? तुम्ही म्हणालात, पोरीला पोर झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं. मग बाळू झाला आणि बारशाला आजोबांनी आत्याच्या हातून इतकं पाणी प्यायलं की सगळे हसत होते. काशिराम तांडेल मुलीच्या घरी पाणी पिऊन झिंगला, असं तुम्हीच सांगायचात.

आता तुम्हीच सांगा. ती शपथ रागाची होती की रीतीची? की रागाने घेतलीत, आणि राग कधी उतरून गेला आणि मागे नुसती रीत उरली, हे तुमचं तुम्हालाच कळलं नाही? आनंदा तांडेल, दर गुरुवारी एसटीत उभं राहून मुलीचे बोंबील नीट टांगायला येणारा माणूस रागावलेला आहे, असं गणिताच्या बाईने कसं मानायचं?

रीतीची असेल तर माझ्याकडे एक बातमी आहे.

नीतावहिनी, हे तूही पहिल्यांदाच वाचते आहेस. रडू नकोस, पुढचं नीट वाचता आलं पाहिजे.

बाबा, मला पाच महिने झाले आहेत. दसऱ्याच्या आसपासची तारीख दिली आहे.

मागच्या पत्रात हेच लिहायला बसले होते. "मी सकाळची बॅच सोडली" इथपर्यंत आले आणि पुढे हात चालेना. कारण याआधी दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली, ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. आई असती तर तिला सांगितलं असतं. या वेळी डॉक्टर म्हणाल्या, धावपळ कमी करा, सकाळी पडून राहा. पडून राहिलं की मनात नको नको ते येतं. मग कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायचे. आकडा शंभराचा नव्वद झाला, साठ झाला, की वाटायचं, काहीतरी माझ्या हातात आहे, काहीतरी माझ्यामुळे बरं होतंय. कंटाळा आला म्हणून बॅच सोडली हे खोटं होतं. मी घाबरले होते.

आता नाही घाबरत. परवा सोनोग्राफी झाली, सगळं व्यवस्थित आहे. पाय झाडतं ते. सासूबाई म्हणतात, बोंबील खाऊन खाऊन पोहायला लागलंय.

मी इतकी आनंदात आहे बाबा, की गल्लीत सगळ्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, पण पाच महिने पुरे होईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ते पुरे झाले आणि पहिलं पत्र तुम्हाला.

पण एक आहे. दसऱ्यानंतर तुम्ही बारशाला याल, रीत पुरी झाली म्हणून पाणीही प्याल, हे मला ठाऊक आहे. नातवंडासाठी तुम्ही नक्की याल. मला मात्र तुम्ही त्याच्या आधी यायला हवे आहात. माझ्यासाठी. मला मूल झालं म्हणून नाही, मी तुमची आहे म्हणून. नऊ वर्षं मी याच एका गोष्टीची वाट बघते आहे आणि आज ती स्पष्ट मागते आहे.

मागचा कॅमेरा मी काल बंद केला. प्रणित म्हणाला, एवढी मेहनत करून आता चांगला चालतोय तर बंद का? मी म्हटलं, तिकडून येणारा माणूस ओळखीचा आहे, त्याला बघायचं तर समोर बसवून बघेन, पडद्यात नाही. पडलेली भिंत मात्र प्रणित पुढच्या आठवड्यात बांधून घेणार आहे, कारण अडुसष्टाव्या वर्षी कुणी तिच्यावरून चढून येऊ नये असं त्याचं म्हणणं आहे. म्हणजे आता पुढच्या दाराशिवाय वाट नाही.

रीत मोडा असं मी म्हणणार नाही. काशिराम तांडेलांची नात आहे मी. तुम्ही खुशाल करंजाहून तांब्या भरून आणा, वर फडकं बांधा, माझ्या घरच्या थेंबाला शिवू नका. पण ते पाणी घेऊन आत या, माझ्या शेजारी बसा, आणि प्या.

येत्या गुरुवारी मी क्लासला रजा टाकली आहे.

तुमचीच,
निशी